आधी हात हुंगू द्यायचा

दहिसरला नदीकाठच्या तबेल्यात मी बालवाडीच्या मुलांना दरवर्षी नेत असे. जाण्याआधी वर्गात एक नियम घोटून घ्यायचे: जनावराला एकदम हात लावायचा नाही, आधी तळहात पुढे करून त्याला हुंगू द्यायचा.

त्या वर्षी कोपऱ्यातली म्हैस शेजारच्या रेडकाला सारखी चाटत होती. चार वर्षांच्या एका मुलीने शिकवल्याप्रमाणे त्याच्या नाकाशी हात धरला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"बाई, हा हुंगतच नाही. नाकातून हवापण येत नाही."

मी वाकून पाहिलं. रेडकाच्या पोटाला शिवण होती आणि तिच्यातून पेंढा डोकावत होता.

"हळू बोल गं, माझे आई," धार काढणारा तबेलेवाला म्हणाला. "पिल्लू मेलंय तिचं. कातड्यात पेंढा भरून उभं केलंय. तिला कळलं तर पान्हा चोरेल."

"मग तिला सांगणार कधी?" मुलीने विचारलं.

"वास उडाला की कळतंच तिला."

मी मुलांना घाईने बाहेर काढलं. माझा धाकटा भाऊ जाऊन तेव्हा महिना झाला होता. आईचं हृदय अधू, म्हणून तो परदेशी नोकरीवर गेलाय असं आम्ही तिला सांगितलं होतं. त्याचा न धुतलेला शर्ट मांडीवर घेतल्याशिवाय ती जेवत नसे.

संध्याकाळी घरी आले, तेव्हा आई तो शर्ट नाकाशी धरून बसली होती.

"याला आता त्याचा वास येत नाही गं," ती म्हणाली आणि तिने ताट बाजूला सारलं.