नोंद नसलेलं कपाट

कन्नड मुलखातल्या भालकी तालुक्यात आमचं गाव, तिथलं वाचनालय मी सांभाळते. आजवर सहा प्रशिक्षणं झाली. दर वेळी नौबादचा तोच हॉल, तोच गार उपमा आणि पहिल्या तासाला तोच प्रश्न: संगणक चालू करता येतो का? मी बी.ए. आहे, आमच्या घरातली पहिली. पण हात वर करून करून कंटाळा आलाय. या वेळी नुसती मान हलवली.

विषय मात्र नवा होता: जुनी पुस्तकं कशी काढून टाकायची. शिकवणारे साहेब कन्नडमधून नीट समजावत होते. देवघेवीचं रजिस्टर बघा, तीन वर्षांत जी पुस्तकं कुणी घरी नेली नाहीत त्यांची यादी करा, आठ दिवसांत पाठवा, नव्या पुस्तकांना जागा होईल. बरोबरच होतं. मी वहीत उतरवून घेत होते आणि मधेच हात थांबला.

आमच्याकडं मराठी पुस्तकांचं एक कपाट आहे. सगळ्यात जास्त तेच वाचलं जातं, आणि रजिस्टरात त्यातलं एकही पुस्तक नाही. मीच लिहीत नव्हते. कन्नड पुस्तकं शाळेतली पोरं नेतात, हरवतील म्हणून त्यांची सही घ्यायची. मराठी नेणारे गल्लीतले म्हातारे, शेजारच्या काकू. घरच्या माणसांची सही कशी घ्यायची? ते पुस्तक पिशवीत टाकायचे, वाचून झालं की आणून ठेवायचे.

जेवताना चिटगुप्प्याकडच्या वाचनालयातली एक अक्का शेजारी बसली होती. तिला सांगितलं.

"एवढंच व्हय? दोन पेनं घे, एक निळं, एक काळं. बसून तीन वर्सांच्या नोंदी लिहून काढ."

"खोटं?"

"खोटं कामून? पुस्तकं नेलीच हायत की."

"कुणी कवा नेलं, मला काय ठावं?"

"मग बस पदवी घेऊन," ती म्हणाली आणि माझ्या ताटातली मिरची उचलली.

दुसऱ्या दिवशी गल्लीतले अप्पा आले. शेती पोरांवर सोपवलेले, आठवड्याला एक पुस्तक संपवणारे. मी रजिस्टर पुढं सरकवलं.

"सही करा, अप्पा."

"कामून? मी काय पळून जायलोय?"

"तसं न्हाई. तुम्ही पुस्तकं नेल्याचं कुठं लिवलेलं न्हाई, म्हणून ते कपाट जायलंय."

"कुणी लिवलं न्हाई?"

"मी."

त्यांनी पेन उचललं. "आन् एवढी शिकलीस म्हणं," म्हणाले, आणि सावकाश सही केली.

एका सहीनं काय होणार?

आठव्या दिवशी यादी केली. नियमाप्रमाणं मराठी कपाट सगळंच्या सगळं तिच्यात आलं. खाली कन्नडमधून लिहिलं: ही पुस्तकं गावात रोज वाचली जातात. नोंद मी केली नाही, चूक माझी आहे. कपाट राहू द्यावं. नावापुढं बी.ए. लिहायची माझी सवय आहे. त्या दिवशी लिहिलं नाही.

उत्तर अजून आलेलं नाही. अप्पा पुस्तक बदलायला येतात तेव्हा विचारतात, "आलं का काही?" मी न्हाई म्हणते आणि रजिस्टर पुढं करते.