कुबराला आलेला वास

दूध उतू जायच्या आत गॅस बंद करायची. मासा घेताना कल्ला उघडून हुंगायची. कुणाच्याही गाडीत बसली की आधी काच खाली करायची. हसताना ओढणी तोंडावर धरायची, तरी हसू शेजारच्या फ्लॅटपर्यंत जायचं. अशी ही कुबरा. माहेर रत्नागिरीचं, नोकरी अमिरातीतल्या अल ऐनच्या एका शाळेत, ग्रंथालयात. तिथेच शिकवणारी मिहिका तिची जिवाभावाची मैत्रीण.

एके सकाळी कुबराने चहाचा कप दूर सारला. "सडक्या माशाचा वास येतोय गं."

मिहिकाला फक्त वेलचीचा आला.

मग भाताला तोच वास, साबणाला तोच, उशीलाही. क्षणभर यायचा, जायचा. अंगात ताप, डोकं ठणकत होतं, उलट्या. सासू झुबेदाचाचींचा चेहरा मात्र खुलला. लग्नाला बरीच वर्षं झाली होती.

"यल्ला अर्सलान, पेढे आण! वास यायला लागले, आता इन्शाल्ला गोड बातमी."

"चाची, पण ताप?" मिहिका म्हणाली.

"तुझं लग्न होऊ दे, मग मला शिकव."

अर्सलान, कुबराचा नवरा, हसला. पोराला बाधतील म्हणून तापाच्या गोळ्या बंद, डॉक्टर नको. गरोदरपणाची साधी चाचणीही नाही. अल्लाच्या देण्याला पट्टी कसली लावायची! कुबराने शेजारणीला आपल्या मेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारली. बायका खिदळल्या, "काय बाई डोहाळे!" मिहिकाने हातातला पेढा परत ताटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी कुबराला फिट आली. तेव्हा कुठे इस्पितळ.

डॉक्टर म्हणाले, "विषाणू मेंदूपर्यंत गेल्यासारखा दिसतोय. मणक्यातलं पाणी तपासू. रिपोर्टसाठी थांबणार नाही, औषध आत्ताच शिरेतून सुरू करतोय."

"पाठीत सुई? पोराचं काय?" चाची आडव्या आल्या.

"मूल नाहीये. तपासलंय."

"मशीन चुकतात."

अर्सलान आईकडे बघत राहिला. मिहिकाने त्याच्या हातात पेन कोंबलं. "अर्सलानभाई, सही करा. आईकडे नंतर बघा."

त्याने सही केली. विषाणू सापडला. औषधाने कुबरा वाचली, पण मेंदूचा वास ओळखणारा, आठवण धरणारा भाग आधीच होरपळला होता. पहिल्या दिवशी आणली असती तर बरंच वाचलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. तिला रत्नागिरीतली गल्ली न् गल्ली आठवते. आत्ता काय सांगितलं, ते नाही.

"त्या सुईनेच बिघडवलं," चाची येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. लोक माना डोलावतात. मिहिका आता त्या घरचं पाणीही घेत नाही.

कुठेही जायचं तर नवऱ्याची वाट बघायची, याला विटून आजारापूर्वी कुबरा गाडी शिकत होती. लायसन्सची पार्किंगची परीक्षा पास झाली होती. रस्त्यावरची आता राहिलीच.