लेकीचं औषध, आईची नाडी

तान शुपिंगला वजनकाटा नुसता रीत म्हणून लागायचा. सिचुआनमधल्या त्या नदीकाठच्या गावात, वैद्य हू यांच्या दुकानात पुड्या बांधण्यात तिची एकोणतीस वर्षं गेली. ज्येष्ठमध किती, आलं किती, हे तिची बोटंच सांगत. सगळ्यात जास्त पुड्या निश्चिंत चूर्णाच्या; नावाला चूर्ण, प्यायचं मात्र काढा करून. नाव मोठं गोड! घेणाऱ्या बायका मात्र कुठल्या निश्चिंत असायला? कुणाची पाळी चुकलेली, कुणाची छाती भरून आलेली, कुणाला सासूने छळलेलं. पुदिन्याची पुडी वेगळी बांधून शुपिंग प्रत्येकीला बजावायची, "हा शेवटी टाकायचा गं, उकळत बसू नकोस."

तिची मुलगी मिआओ वसंताच्या सणाला, म्हणजे चिनी नववर्षाला, कारखान्यातून घरी आली, ती परत गेलीच नाही. चोवीस वर्षांची पोर, भाताचा वाडगा पुढ्यात घेऊन नुसती उसासे टाकायची. दोन महिन्यांत तिला एकदाही पाळी आली नाही, हे शुपिंगच्या नजरेतून सुटलं नाही.

"घेऊन ये तिला, नाडी बघतो," वैद्य म्हणाले.

इथेच घोडं अडलं. वैद्य रोग्याला दुकानाच्या पुढच्या भागात, सगळ्यांदेखत तपासत. त्यात कानाने अधू. "पाळी कधी आली?" असं विचारत, की समोरचा नूडलवाला हातातलं काम थांबवून ऐके. बाकावर बसलेल्या निम्म्या बायका गावातली लग्नं जुळवणाऱ्या. तिथे बिनलग्नाची पोर बसवायची?

"तिला कशाला, काका? मलाच बरं नाहीये," असं म्हणून शुपिंगने स्वतःचं मनगट नाडी बघायच्या छोट्या उशीवर ठेवलं.

वैद्यांनी तीन बोटं टेकवली. "तारेसारखी ताणलीये तुझी नाडी. आत नुसती आग आहे. एवढा राग कुणाचा?"

"वयाचा," शुपिंग म्हणाली. बाकावरच्या बायका हसल्या.

त्यांनी निश्चिंत चूर्ण लिहून दिलं, वर आग विझवायला दोन थंड औषधं. शुपिंगने पुडी बांधली, घरी नेली आणि काढा करून लेकीपुढे धरला. नाडी एकीची, पोट दुसरीचं! ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांना पथ्यं सांगितली, तिने हे करावं याचा मला अजून संताप येतो.

"एका दमात पी. कडू आहे."

"कशासाठी?"

"पाळीसाठी."

मिआओने आईकडे बघितलं आणि काढा प्यायली. चार दिवस मुकाट्याने प्यायली. शुपिंगला वाटलं, गुण येतोय.

पाचव्या दिवशी सकाळी मिआओ जिन्यात कोसळली. पोटात कळा, जुलाब, हातपाय गारठलेले. आग होती ती आईच्या अंगात, आणि थंडावा गेला पोरीच्या पोटात. शुपिंगने मिआओला स्कूटरवर बसवून दुकानात नेलं आणि भरल्या बाकासमोर सगळं कबूल केलं.

वैद्य भडकले. "माझी मुळी न् मुळी ओळखतेस, पोटची पोर ओळखत नाहीस? हो तिकडे!"

शुपिंग औषधांच्या खणांमागे जाऊन उभी राहिली. वैद्यांनी मिआओचं मनगट घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

"रक्त फार गेलंय तुझं. कधी?"

"गेल्या ऑक्टोबरात." मिआओ खाली बघत म्हणाली, "मूल होतं, आजोबा. तीन महिन्यांचं. पडलं."

"मोठ्याने बोल, पोरी."

ती मोठ्याने बोलली.

"मग महिनाभर अंथरुणात पडून राहिलीस ना?"

"तिसऱ्या दिवशी कामावर गेले."

"आणि आईला सांगितलं नाहीस?"

"तिने विचारलं नाही. औषध आणलं."

ज्या चार लोकांना भिऊन शुपिंगने एवढं केलं, त्यांच्याबरोबरच तिला हे कळलं होतं. ती खणांमागून बाहेर आली, बाकावरच्या बायकांना सरकायला लावून लेकीशेजारी बसली.

"खूप दुखलं का गं?"

मिआओने मनगट उशीवरून काढलं नाही.

"आता विचारतेस, आई?" ती म्हणाली.