खापरातली वार आणि बाईचं दूध

या सदरातले अनुभव मी नेहमी वाचते, आणि खरं सांगते, बहुतेक वेळा हसते. पांढऱ्या साडीतली बाई, आपोआप उघडणारं दार... माझा कधीच विश्वास बसला नाही. वडील भंडाऱ्याला शाळामास्तर होते. घरात करणी, नजर, बाहेरवसा असले शब्द कोणी काढले तर ते चष्म्यावरून नुसते बघायचे. आज वयाची ऐंशी ओलांडली तरी मी तशीच आहे. पण एक गोष्ट माझ्या स्वतःच्या डोळ्यांदेखत, भर दुपारी, अंगणभर माणसांसमोर घडली. तिला काय म्हणायचं ते मला अजून कळलेलं नाही. म्हणून लिहिते आहे.

साठेक वर्षांपूर्वीची गोष्ट, लढाईचे दिवस होते. मी लग्न होऊन तिरोड्याच्या पुढे, नागझिऱ्याच्या जंगलाला लागून असलेल्या एका गावात आले होते. आता तो गोंदिया जिल्हा, तेव्हा सगळा भंडाराच. सासर पोवारांचं, धानाची शेती. घरात सासूबाई, ज्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो, थोरले दीर म्हणजे भासरे, त्यांची बायको कौसाबाई, आणि आम्ही दोघं. कौसाबाईला मी नुसतंच ‘बाई’ म्हणायची. उंच, हाडापेराची, कमी बोलणारी. लग्नाला पुष्कळ वर्षं झाली होती, पण बाईला मूल नव्हतं. भासऱ्यांसाठी दुसरी बायको आणायची बोलणी त्या वर्षी उघडच सुरू झाली होती. बाईच्या समोरच! ती भाकरी थापत असायची आणि आत्याबाई पाहुण्यांना विचारत असायच्या, “पोरगी कामाची हाये ना?”

मला दिवस गेले तेव्हा घरात आनंद झाला, आणि एक पहाराही सुरू झाला. तो कशाचा हे मला सुईणीकडून कळलं. तिकडे समजूत अशी की मूल झाल्यावर जी वार पडते, तिचा तुकडा वांझ बाईनं खाल्ला तर तिची कूस उघडते. पण आईची मिटते... आणि जन्मलेलं लेकरू जगत नाही. म्हणून वार खापरात घालायची, वर मीठ-हळद टाकायची, आणि घरामागच्या सांदवाडीत खोल पुरायची. तोवर कोणाची सावली पडू द्यायची नाही. कोणाची म्हणजे कोणाची, हे सांगायला नकोच.

धानाची चुरणी, म्हणजे मळणी, संपत आली होती. खळ्यावर माणसं होती. मला कळा सुरू झाल्या आणि आत्याबाईंनी बाईला खळ्यावर पिटाळलं. “कौसे, मी बलावल्याबिगर घरी येजो नोको.” बाई गेली.

सकाळी उन्हं वर आल्यावर मुलगी झाली. बारीक होती, पण रडली खणखणीत. सुईणीनं वार खापरात काढून बाजेजवळ ठेवली, वर विळा आडवा ठेवला आणि ती सांदवाडीत खड्डा खणायला गेली. आत्याबाई शेकायला निखारे आणायला चुलीकडे. तेवढ्यात खळ्याकडच्या दारातून बाई आली. शेकायला लाकडं लागतील म्हणून डोक्यावर मोळी घेऊन आली होती, बिचारी. मला पाहिलं, लेकराला पाहिलं, आणि मग तिची नजर त्या खापरावर गेली. हललीच नाही.

मला काय झालं कोण जाणे. म्हटलं, “बाई, कोणी नाही इथं. घे हवी तर. तुझ्या घरात सवत येऊन बसण्यापेक्षा...”

तिनं लेकराकडे बोट केलं. “आन् हिले काई झालं तं?”

“काही होत नाही गं. सगळं खोटं आहे.”

“खोटं हाये तं मंग मले खाऊन काय भेटन?” ती हळूच म्हणाली. “आन् खरं असन तं हे पोर जाईन. नाही वं शांते. मले नाही पायजे.”

लाकडं भिंतीशी नीट लावून ठेवली, आणि आली तशी त्याच दारानं गेली. वडिलांनी मला शिकवलं ते सगळं त्या दोन वाक्यांपुढे फिकं वाटलं, हे आजही कबूल करते.

पुढे दिवस वाईट आले. मला ताप भरला. अंगावर दूध येईना. मुलगी नुसती ओढायची आणि रडायची. बकरीचं दूध कापसाच्या बोळ्यानं पाजलं, तर सगळं ओकून टाकायची. पाचवीच्या आदल्या सकाळी सुईण सांदवाडीत गेली आणि ओरडतच परत आली. खड्डा उकरलेला होता. खापर पालथं, रिकामं.

जंगलाच्या कडेचं गाव... कोल्हा असेल, कुत्रं असेल. पण तेवढा विचार करायला कोण थांबतंय! आत्याबाईंनी छाती पिटून घेतली. शेजारी दोघी लेकुरवाळ्या होत्या, त्यांच्याकडे पोरीला पाजायला न्यायचं ठरत होतं. त्यांनी दारं लावून घेतली. या पोरीचं आपल्या पोराला लागेल म्हणून. आमचे ‘हे’ तापाचं औषध आणायला तिरोड्याला गेले होते. दुपारपर्यंत अंगणात गाव गोळा झालं. कोणी तरी भासऱ्यांना म्हणालं, “कायची वाट पाहून राहिला? पोचव तिले तिच्या मायच्या घरी.”

बाईचं माहेर आमच्या भंडाऱ्याकडच्या प्रतापगडाच्या पायथ्याशी. भासऱ्यांनी बंडी जुंपली. माणूस वाईट नव्हता, पण आईसमोर तोंड उघडलं नाही. मी आत बाजेवर पडून सगळं ऐकत होते. बाईचा एकच आवाज आला, “मी नाही खाल्ली.”

मुलगी आता रडतही नव्हती. ओठ कोरडे, डोळे मिटलेले. मला आतून कसलासा संताप आला. तापाचा असेल. तिला उचललं, भिंत धरत धरत बाहेर आले. बाळंतीण, तीही पाचवीच्या आधी, उंबरठ्याबाहेर! बायका मागे सरकल्या. “शांते, आत जाय!” आत्याबाई किंचाळल्या.

मी म्हटलं, “वार मी दिली होती हिला. माझ्या हातानं देत होते. हिनं नाही घेतली. माझ्या पोरीला काही होईल म्हणून नाही घेतली. आता न्या तिला कुठं न्यायची ती!”

“तापानं भरमली हे,” कोणी तरी म्हणालं.

मुलगी हातातून सुटेल असं वाटलं. सगळ्यात जवळ बाईच उभी होती, बंडीच्या चाकाला टेकून. मी लेकरू तिच्या हातात दिलं आणि तिथंच खाली बसले.

बाईनं तिला छातीशी धरलं. पोरगी तोंड हलवायला लागली, शोधायला लागली. बाईचा चेहरा असा झाला की मला अजून आठवतो. “माया आंगावर काई नाही वं,” ती रडायला लागली. “मी काय देऊ हिले?” पण पोरीनं पदरात तोंड खुपसलंच होतं. बाईनं सगळ्यांकडे पाठ केली, चाकापाशी बसली आणि तिला लावून घेतलं. निदान तेवढी शांत होईल म्हणून.

थोडा वेळ काहीच नाही. मग मी ऐकलं... घुटकण्याचा आवाज. एक, मग परत एक. आई झालेल्या बाईला तो आवाज सांगावा लागत नाही.

सुईण धावली. पदर बाजूला करून वाकून पाहिलं आणि तशीच मागे वळली. “अवं बापा! दूध हाये!” पोरीच्या गालावरून पांढरा ओघळ येत होता. बाई स्वतःच्या छातीकडे असं पाहत होती जणू ती दुसऱ्या कोणाची आहे. अंगणात माणसं होती, बैल होते, पण आवाज फक्त माझ्या पोरीच्या पिण्याचा.

मग मागून एक म्हातारी बोललीच, “खाल्लीच असन. नाही तं दूध कोठून येते?”

मला वाटलं, झालं. आता काही खरं नाही. पण आत्याबाई उठल्या. बाईजवळ गेल्या, नातीच्या गालावरचा ओघळ पदरानं पुसला. आणि गर्दीकडे वळून म्हणाल्या, “खाल्ली असन तं खाल्ली! माया नातीले पाजून राहिली ना? तुमी तं दारं लावून घेतली.” मग भासऱ्यांकडे बघून, “उभा काऊन हायेस? बैल सोड!”

भासऱ्यांनी बैल सोडले. सोडताना ते सगळ्यांदेखत रडत होते.

आमचे ‘हे’ संध्याकाळी औषधाची बाटली घेऊन आले, तेव्हा पोरगी बाईच्या मांडीवर पोट भरून झोपली होती. पाचवी दुसऱ्या दिवशी थाटात झाली. पूजेला बाईला आत्याबाईंनी स्वतः हाताला धरून बसवलं. सवतीची बोलणी पुन्हा त्या घरात कोणी काढली नाहीत. माझा ताप उतरला, मलाही दूध आलं, पण मुलगी दोघींकडे प्यायची. चालायला लागल्यावरही दोघींच्या मागे ‘माय, माय’ करत फिरायची.

बाईला पुढे स्वतःचं मूल झालं नाही. मला मात्र आणखी तिघं झाली, सगळी धडधाकट. म्हणजे बाईनं वार खाल्ली असं धरलं, तरी ती समजूत दोन्ही बाजूंनी खोटीच ठरली. पण मग दूध? पुढे गोंदियाच्या एका लेडी डॉक्टरला विचारलं. ती म्हणाली, मूल न झालेल्या बाईलाही दूध येऊ शकतं, पण त्यासाठी पुष्कळ दिवस लेकरू अंगाशी लावत राहावं लागतं. “असं बसल्या बसल्या?” मी विचारलं. तिनं मान हलवली. “तुम्ही तापात होता ना, मावशी?” मी तापात होते, बरोबर. अंगणातले बाकीचे नव्हते.

एकदा, मुलीचं लग्न होऊन ती सासरी गेल्यावर, बाई आणि मी तांदूळ पाखडत बसलो होतो. मी विचारलं, “बाई, खरं सांग, तुला काय वाटतं? कसं आलं गं ते दूध?”

तिनं सूप थांबवलंसुद्धा नाही.

“भुकी होती ते,” बाई म्हणाली. “आलं.”

याहून जास्त मलाही सांगता येत नाही.