आराखड्यातून काढलेली चार पानं

साळवे सर गेल्याचं मला काष्टीच्या बाजारात कळलं. धाकट्या भावाबरोबर शेळ्या बघायला गेलो होतो. तो एकेका शेळीचे दात बघत बसला म्हणून मी मोबाईल काढला, तर कॉलेजच्या ग्रुपवर सरांचा फोटो आणि खाली दोन ओळी. सकाळी घरीच छातीत दुखलं, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. भावानं माझ्याकडे पाहून विचारलं, “कोन गेलं?” म्हटलं, “आमचे जुने ग्रंथपाल. साळवे सर.” तो म्हणाला, “त्येच का, ज्यांच्यावर तू घरी येऊन लई करवादायचास?” मी नुसती मान हलवली... या गोष्टीला दीड महिना झाला. जे सरांना सांगायचं होतं ते आता इथं लिहितो आहे, हे उशिराचं आहे याची मला जाणीव आहे.

मी संगमनेरला आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायला लागलो, तेव्हा सर ग्रंथालयात मुरलेले होते. वडील गवंडी, घरात शिकलेला पहिला माणूस हाच. त्यांच्या शाळेत पुस्तकं होती, पण काचेच्या कपाटात आणि कपाटाला कुलूप. “मी पुस्तकांच्या नुसत्या पाठी वाचून मोठा झालो, जगताप सर,” असं ते हसत सांगायचे. त्यामुळे असेल, पण ग्रंथालयाच्या कपाटांची दारं त्यांनी कधी लावली नाहीत. पुस्तकं जायची, फाटायची, भिजून यायची. हिशेब तपासणाऱ्यांशी ते दरवर्षी शांतपणे भांडायचे. म्हणायचे, “वापरून खराब झालं ते कामी आलं. न वापरता खराब झालं ते वाया गेलं.”

माझं नेमकं उलट होतं. लॅबमधले सगळे कॉम्प्युटर डेडस्टॉक रजिस्टरला माझ्या नावावर होते. या रजिस्टरात वस्तू ज्याच्या नावावर, तिचा जाब त्यालाच द्यावा लागतो. माझ्या आधीच्या सरांची निवृत्तीची कागदपत्रं दोन माऊस सापडेनात म्हणून अडली होती, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून मी प्रत्येक कॉम्प्युटरला कापडी कव्हर शिवून घेतलं, ‘परवानगीशिवाय हात लावू नये’ अशी पाटी लावली आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. प्रॅक्टिकलपुरती लॅब उघडायची, मग पुन्हा कुलूप. सर येता-जाता खिडकीतून डोकावत. “काय जगताप सर, लेकरं झोपली का? पांघरूण घालून ठेवलंय.” शिक्षकांच्या खोलीत यावर हशा व्हायचा. मी घरी जाऊन करवादायचो ते यावरूनच.

मूल्यांकनासाठी बाहेरून समिती येणार होती, त्या वर्षी प्राचार्यांनी माझ्यावर माहिती तंत्रज्ञानाचा पाच वर्षांचा आराखडा सोपवला. “चांगला भारदस्त करा,” एवढीच त्यांची सूचना. मी मोठ्या विद्यापीठांचे आराखडे डाऊनलोड करून समोर ठेवले आणि त्याच थाटात लिहू लागलो. नवे कॉम्प्युटर, स्मार्ट वर्ग, अद्ययावत सर्व्हर. बैठकीत साळवे सर म्हणाले, “विद्यार्थ्यांना काय पाहिजे ते प्रकरण मी लिहू का?” मला बरंच वाटलं, तेवढंच काम कमी. सरांनी काय करावं? ग्रंथालयातली जुनी तालिकापत्रं, म्हणजे पुस्तकांच्या नोंदीची कार्डं, काढली आणि पुस्तक न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला एकेक देऊन मागच्या कोऱ्या बाजूवर दोन प्रश्नांची उत्तरं लिहायला लावली. कॉम्प्युटरवर शेवटचं कधी बसलात? आणि काय अडलं? महिनाभर हे चाललं. मग एका दुपारी ते चार पानं घेऊन माझ्याकडे आले. हातानं लिहिलेली, सुवाच्य.

त्यातली काही उत्तरं मला आजही पाठ आहेत. भंडारदऱ्याकडून येणाऱ्या एका मुलीनं लिहिलं होतं, ‘आमच्या वस्तीवर रेंज नाही, फॉर्म भरायला टेकाडावर जावं लागतं. कॉलेजात कॉम्प्युटर आहेत पण कुलूप असतं.’ दुसऱ्यानं लिहिलं होतं, ‘आमची एसटी पावणेआठला येते, लॅब अकराला उघडते, तोवर मी पायरीवर बसतो.’ कुणी एकानं फक्त ‘पाटी’ एवढाच शब्द लिहिला होता. शेवटी सरांनी तीनच मागण्या केल्या होत्या. लॅब पहिल्या एसटीच्या वेळेला उघडावी. किल्ली ग्रंथालयाच्या काउंटरवर टांगलेली असावी. आणि नवी यंत्रं थोडी कमी घेऊन, आहेत ती दुरुस्त ठेवणारा एक माणूस नेमावा.

मी ती पानं वाचली आणि माझे कान तापले. तंत्रज्ञानाचा आराखडा म्हणून समितीपुढे ठेवायचा आणि त्यात माझ्या खिशातली किल्ली? ती पानं मी आराखड्यात घातली नाहीत. इथवर मी स्वतःला माफ करू शकलो असतो, निर्णय चुकतात. पण सरांनी विचारलं, “आपलं प्रकरण दिसलं नाही हो,” तेव्हा मी म्हणालो, “प्राचार्यांनी काढायला सांगितलं, सर. आराखड्यात बसत नाही म्हणाले.” प्राचार्यांनी ती पानं पाहिलीसुद्धा नव्हती. सर म्हणाले, “वाचून काढली की न वाचता?” मी म्हणालो, “वाचून.” त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि ते निघून गेले.

समितीनं आराखड्याचं कौतुक केलं. नवे कॉम्प्युटर आले, नवी कव्हरं शिवली. सर मात्र त्यानंतर प्राचार्यांशी कामापुरतंच बोलू लागले. निवृत्तीच्या वेळी प्राचार्यांनी त्यांना सल्लागार म्हणून थांबायचा आग्रह केला. सरांनी हात जोडून नको म्हटलं. “मानी माणूस,” प्राचार्य मला म्हणाले, आणि मी मान डोलावली. दोन माणसांमध्ये माझं एक खोटं बसलं होतं आणि ते दोघंही एकमेकांना दोष देत होते... मी ते उठवू शकत होतो. रोज ठरवायचो, आणि रोज पुढे ढकलायचो.

शेवटची भेट त्यांच्या घरी झाली, जाण्याच्या आधी महिनाभर. काकूंनी चहा आणि चिवडा आणला. सर म्हणाले, “नवा आराखडा करताय म्हणे?” मी हो म्हणालो. “त्या वेळी साहेबांनी काढलं. आता तरी घालता येतंय का बघा. पानं असतील ना तुमच्याकडं?” पानं माझ्याकडे नव्हती. रद्दीत गेली होती. सांगायची यापेक्षा सोपी वेळ पुन्हा येणार नव्हती. मी चहाचा घोट घेतला आणि म्हणालो, “बघतो, सर.”

काष्टीहून परतल्यावर सोमवारी मी प्राचार्यांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, “जगताप, अहो, शेवटच्या दिवशी मी त्यांना सोडायला फाटकापर्यंतसुद्धा गेलो नाही.” मला रागावले असते तर बरं झालं असतं. मी विचारलं, आराखड्याचं काम दुसऱ्या कुणाकडे देताय का? “नाही,” ते म्हणाले, “तुम्हीच करा. आणि ती चार पानं परत आणा.”

परत कुठून आणणार? पुन्हा विचारणं एवढाच मार्ग होता. परवा सकाळी पावणेआठलाच मी ग्रंथालयाच्या काउंटरमागे जाऊन बसलो. तिथला कॉम्प्युटर सुरू केला तर पडदा मला दिसेना. मॉनिटरचं तोंड बाहेर, समोर उभ्या राहणाऱ्याकडे वळवलेलं होतं. नव्या ग्रंथपालबाई म्हणाल्या, “साळवे सरांची पद्धत, सर. आपण काय लिहितो ते मुलांना दिसलं पाहिजे म्हणायचे. आम्ही मान वाकडी करूनच काम करतो. वळवला तर मुलंच परत फिरवतात.” मीही खुर्ची तिरकी केली.

पहिली आली ती अकोले तालुक्यातली एक मुलगी, बीए पहिल्या वर्षाची. मी कला शाखेला शिकवत नाही, तिनं मला ओळखलं नाही. विचारलं, “कॉम्प्युटरवर कधी बसलीस शेवटचं?”

“इथं? न्हाई बसले अजून.”

“का गं?”

“लॅबला कुलूप असतं. किल्ली कुन्या एका सरांकडं हाय म्हनं.”

“कोण सर?”

“म्हाईत न्हाई. लई कडक हायेत म्हन्त्यात.”

मी टाईप केलं, ‘लॅब काही वेळा बंद असते.’ ती पडद्याकडे बघत होती. एक एक अक्षर वाचत असावी. मग तिनं काचेवर बोट ठेवलं.

“काही वेळा न्हाई, सर. रोज.”

मी ते दोन शब्द खोडले.