निळ्या लोकरीची भिंत

तर गाडीतून सहा माणसं उतरली. पायापासून डोक्यापर्यंत पांढरे कपडे, तोंडाला डुकरासारखे मुखवटे, आणि सेगामेत्सी म्हातारी त्यांच्या म्होरक्याला म्हणते काय, "झाडू खाली टाक आधी! कोरडी भिंत झाडतात का रे?"

म्होरक्या मोथुसी शिकलेला पोरगा. ओशाळला बिचारा. विषारी धूळ उडू नये म्हणून नियमाप्रमाणे भिंत आधी भिजवायचीच असते. पण पाणी होतं मागच्या गाडीत, आणि ती फसली होती वाळूत.

कुरुमानच्या टेकड्यांत पूर्वी निळ्या ॲस्बेस्टॉसची खाण होती. खाणीबाहेर त्याचे ढीग पडलेले असत, निळ्या लोकरीसारखे मऊ. बायका पाट्या भरून आणत आणि लिंपायच्या मातीत कालवत. त्या भिंतीला ना तडा, ना ओल, ना बुरशी. पुढं घरोघरी छातीचा खोकला शिरला तेव्हा कळलं, भिंती बायकांनी जपल्या आणि माणसं भिंतींनी खाल्ली. सेगामेत्सीची आई त्याच खोकल्यानं गेली.

आता सरकार तसली घरं शोधून पाडणार होतं आणि नवी बांधून देणार होतं. पण वरून रंग चढलेला, ओळखायचं कसं? जन्मभर भिंती लिंपलेली म्हातारी भिंतीवर ओंजळभर पाणी मारायची, ओला तळवा टेकवायची, डोळे मिटायची.

"साधी माती हात धरून ठेवते. ही बघ, ओल्या मांजरासारखी लागते. घे लिहून!"

तीन दिवसांत तिनं एक्केचाळीस भिंती सांगितल्या. मोथुसीनं प्रत्येकीचा चिमूटभर तुकडा तपासायला शहरात धाडला. उत्तर आलं तेव्हा त्यानं कागद दोनदा वाचला, मग म्हातारीच्या तळव्याकडं बघत राहिला. एकही चुकली नव्हती!

शेजारीण ओनालेन्नाचं घर त्या यादीत होतं. ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "माझं घर बरं दाखवलंस गं! आणि तुझं? तुझ्या हाताला घरी आल्यावर झोप लागते वाटतं?"

सेगामेत्सीच्या घराचा तुकडा पहिल्याच दिवशी तपासायला गेला होता. स्वच्छ निघाला होता. पण तो होता पुढच्या भिंतीचा, आणि ती तिनं स्वतः मागाहून लिंपलेली. आतल्या खोलीतली मागची भिंत आईची होती. तिच्यावर आईच्या चार बोटांनी ओढलेली नक्षी होती, नांगरलेल्या शेतासारखी. आईची दुसरी खूण जगात उरली नव्हती; फोटोसुद्धा नाही. रोज सकाळी चहाआधी म्हातारी त्या ओळींत आपली बोटं बसवून बघायची. ती गप्प राहिली असती तर कुणाला कळणार होतं?

तिनं मोथुसीचा हात धरला आणि त्याला आत नेलं. नातीचं अंथरूण त्या भिंतीलगत होतं. म्हातारीनं ते गुंडाळून खोलीबाहेर ठेवलं, मग भिंतीकडं बोट केलं.

मोथुसी नक्षीकडं बघतच राहिला. मुखवट्याआडून हळूच म्हणाला, "म्मा, या घराचा कागद स्वच्छ आहे. कुणी विचारणार नाही तुम्हांला. खरंच लिहू?"

"लिही, बाळा. मला ओल लागू नये म्हणून आईनं ही भिंत लिंपली, आणि आता हिच्याशेजारी माझी नात निजते. पण आधी पाणी आण भरपूर. कोरड्या भिंतीला हात लावलास तर आई मला ओरडेल."