बाबांच्या क्वार्टरचा फोटो

बाबांना घरात ठेवून मी बाहेरून कुलूप लावायचे. रोज पहाटे साडेपाचला, तासाभरासाठी. आधी त्यांची कूस बदलायची, पाठीला पावडर, खालचा कपडा नवा, गुडघ्यांच्या मध्ये उशी, आणि मग कुलूप. कुलूप लागलं की आतून ते घशातून एक आवाज काढायचे. सुरुवातीला मी परत आत जाऊन पाहायचे. काही झालेलं नसायचं. मग परत जाणं बंद केलं.

लकव्याला दोन वर्षं होत आली होती. उजवी बाजू गेली, वाचा गेली, डोकं मात्र शाबूत राहिलं. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी एक खूण बसवून दिली होती: डोळे एकदा मिटले की हो, दोनदा मिटले की नाही. माझ्या वाट्याला बहुतेक नाहीच यायचं. भात नको, आंघोळ नको, डावी कूस नको. मी ऐकलं नाही तर डाव्या हाताने चिमटा. त्या हातात स्टील प्लांटमधल्या पस्तीस वर्षांची ताकद अजून होती. एकदा त्यांनी घास माझ्या तोंडावर थुंकला, तेव्हा मी वाटी भिंतीवर फेकली आणि दुपारपर्यंत त्यांच्या खोलीत गेले नाही. हे लिहिताना लाज वाटायला हवी. मला एवढंच आठवतं, की त्या दिवशी मी सावकाश, बसून जेवले होते.

सेवेला ठेवलेल्या तीन बायका सोडून गेल्या. एक त्यांच्या चिमट्यांमुळे, दोन माझ्या तोंडामुळे.

भाऊ पुण्याला असतो. भिलाईच्या रिसालीतलं हे घर त्याच्या नावावर आहे, बाबा माझ्या नावावर. रविवारी तो व्हिडिओ कॉल करायचा.

"ताई, तू रोज सुबह-सुबह कुठं जाते? बाबांना अकेला टाकून?"

"फोटो काढायले."

"कशाचे?"

"भिलाईचे."

"भिलाईत काय आहे फोटो काढण्यासारखं?"

"तू गेलास ना, तवापासून बरंच दिसून राहिलं."

तो हसला नाही. "एखादी बाई ठेव ना मग."

"ठेवते. दिवसा ती पाहील, रात्री तू ये."

तिथे त्याचं नेटवर्क गेलं. ते नेहमी नेमक्या वेळी जायचं.

माझा धंदा जुन्या सामानाचा. माणूस रिटायर झाला की त्याला प्लांटचं क्वार्टर सोडावं लागतं. आयुष्यभराचा संसार छोट्या फ्लॅटमध्ये मावत नाही, किंवा मुलाकडे न्यायचा नसतो. पलंग, कूलर, शोकेस, देव्हारा, सगळं निघतं. मी ते घेते. एका हातगाडीपासून सुरुवात केली, आज जुनवानीच्या रस्त्यावर माझं दुकान आहे. नवऱ्याने टाकलेली बाई म्हणून सुरुवातीला लोक दारातच उभं करायचे. त्यांच्याकडून मी दोन गोष्टी शिकले. एक, क्वार्टर खाली करायच्या शेवटच्या दिवशी जायचं. तोवर टेम्पो दारात लागलेला असतो, बायको रडत असते, आणि माणूस काय वाटेल त्या भावाला हो म्हणतो. दुसरी, भाव ठरल्याशिवाय वस्तूला हात लावायचा नाही. हात लावला की समोरच्याला कळतं, हिला हे हवंय.

बाबा रिटायर झाले तेव्हा आई जाऊन वर्ष झालं होतं. रुआबांध्याच्या आमच्या क्वार्टरमध्ये तिची शिवणमशीन होती, लोखंडी कपाट होतं, भंडाऱ्याच्या गावाहून आणलेला पाटा-वरवंटा होता. मी घासाघीस करणार नव्हते. ते सगळं मला दुकानात नाही, घरी न्यायचं होतं. पण बाबांनी महिनाभर आधीच सुपेल्याच्या एका परक्या माणसाला बोलावून सगळं देऊन टाकलं. मला शेजारच्या काकूंकडून कळलं. मी धावत गेले तेव्हा भिंती रिकाम्या होत्या आणि बाबा खुर्ची नसल्यामुळे उंबऱ्यावर बसले होते.

"मले कावून नाही सांगितलं?"

"तू शेवटच्या दिवशी येतं म्हणते लोकं," ते शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले. "माह्या दारात कबाडीण नको वं. परका चालते."

क्वार्टरांची अख्खी लाइन ऐकत होती. काकूंनी दार लोटून घेतलं, पण कडी लावली नाही.

त्या एका वाक्याला मी बारा वर्षं सांभाळलं. त्यांची लघवी पुसतानाही ते माझ्या डोक्यात असायचं.

कॅमेरा असाच एका अधिकाऱ्याच्या क्वार्टरमधून आला. चार्जर नाही, पट्टा तुटलेला, असं नाक मुरडत घेतला आणि विकायला ठेवला. चार्जर, पट्टा नवे घातले, तरी गिऱ्हाईक आलं नाही. बाबांना लकवा झाल्यावर एका पहाटे, रात्रभर उठबस करून, मी दार उघडून नुसती बाहेर पडले आणि पिशवीत तो होता. रिसालीच्या वळणावर पहिल्या पाळीचे लोक सायकलींवरून चालले होते. मागे प्लांटच्या चिमण्यांचा धूर नारिंगी झाला होता. मी एकाच्या पाठीवरच्या डब्याचा फोटो काढला. हलला होता, पण काढताना मी श्वास धरला होता, आणि सोडला तेव्हा लक्षात आलं की कितीतरी दिवसांत एवढा लांब श्वास सोडलाच नव्हता.

मग ते रोजचं झालं. कूलरच्या खिडकीला ठोकलेलं प्लायवूड. वाळत घातलेल्या खाकी पँटी, पाय जोडून, जणू कोणी उलटं टांगलंय. कॅलेंडर निघाल्यावर भिंतीवर उरलेला गोरा चौकोन. आयुष्यभर मी वस्तूकडे पाहिलं ते ती कितीला जाईल हे ठरवायला. त्या तासात पहिल्यांदा कशाचाही भाव करायचा नव्हता, कोणाला पुसायचं नव्हतं, कोणी हाक मारणार नव्हतं. परत आले की बाबांच्या खोलीचा वास अंगावर यायचा, पण तासभर तो सोसण्याची ताकद हातात असायची.

फोटो त्यांना दाखवायचा माझा विचार नव्हता. एकदा बॅटरी पाहत असताना त्यांनी मान वळवून पडद्याकडे पाहिलं. प्लांटच्या गेटवरची गर्दी होती. ते पाहतच राहिले. माझ्या आतली दुकानदारीण तेव्हाच जागी झाली.

"चार घास खा, मग दुसरा दाखवतो," मी म्हणाले. भाव करताना मी पुरुषासारखी बोलते, ती सवय आहे.

त्यांनी चार घास खाल्ले. मग आमचं तसंच चालू झालं. आंघोळीला तीन फोटो, औषधाला एक. चिमटा काढला की दिवसभर काही नाही. त्यांचं वजन वाढलं. डॉक्टर म्हणाले, छान सांभाळता तुम्ही.

उन्हाळ्याच्या तोंडावर कळलं की रुआबांध्यातल्या जुन्या लाइनी पाडणार आहेत. माणसं कधीच निघून गेली होती. मी गेले, रस्त्याच्या कोपऱ्यापासून सहावं क्वार्टर मोजलं, फोटो काढला आणि बाबांसमोर धरला.

"ओळखा."

त्यांनी डोळे दोनदा मिटले.

"नाही काय? आपलंच आहे. कोपऱ्यापासून सहावं."

पुन्हा दोनदा. मग डावा हात कष्टाने उचलून त्यांनी पडद्यावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर बोट ठेवलं आणि ते सरकवून दाराच्या दुसऱ्या बाजूला नेलं.

"डोकं फिरलं तुमचं," मी म्हणाले आणि कॅमेरा बंद केला. पण ते मला झोंबलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. त्या लाइनीत सगळी क्वार्टरं सारखी, फक्त जोडीजोडीने आरशातल्यासारखी उलटी. आम्ही लहानपणी मैदानाकडून घरी यायचो. सहावं होतं ते मैदानाच्या टोकापासून. आता मैदानावर इमारत आहे, म्हणून मी रस्त्याकडून शिरले होते. ज्या घरात वाढले ते मला ओळखता आलं नाही, आणि अंथरुणात पडलेल्या माणसाने एका खिडकीवरून सांगितलं.

खरं क्वार्टर उभं होतं. खिडकी बरोबर डावीकडे. दाराला फक्त तार गुंडाळलेली. तिथल्या मुकादमाला विचारलं.

"ये लाइन सोमवार को गिरेगी, मॅडम. अंदर जाना है तो अभी देख लो."

त्या दिवशी गुरुवार होता. कॅमेरा गळ्यात होता. तार काढायला दोन मिनिटं लागली असती. मी हात लावला नाही. भाव ठरला नव्हता.

घरी येऊन बाबांच्या खाटेवर बसले. "तुमचं बरोबर होतं," मी म्हणाले. "मैदानाकडून सहावं. उभं आहे अजून. सोमवारी पाडून राहिले. आतले फोटो आणतो. ओटा, न्हाणीघर, आईचं कपाट होतं तो कोपरा, सगळं. पण आधी सांगा. सामान परक्याला दिलं, मले कबाडीण म्हटलं. चुकलं ना? एकदा डोळे मिटा, बस."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे उघडेच ठेवले. पाणी येईपर्यंत उघडे ठेवले, चुकूनही मिटू नयेत म्हणून.

"ठीक आहे," मी म्हणाले. "सोमवारपर्यंत वेळ आहे."

शुक्रवारी त्यांनी खाल्लं नाही. शनिवारी दूध तेवढं घेतलं. मी रोज पहाटे गेले, दुसरीकडे फोटो काढले, आल्यावर विचारलं, "चुकलं?" डोळे उघडे. मी म्हणायचे, "दोन दिवस राहिले." मग, "एक." रविवारी भावाचा फोन आला, बाबा वाळल्यासारखे दिसतात म्हणाला. मी कॅमेरा त्यांच्या उशाशी ठेवला, पडदा त्यांच्याकडे, बंद. बाई पोराला झुलवायला खेळणं दाखवते तसं. मला खात्री होती. शेवटच्या दिवशी सगळे हो म्हणतात.

सोमवारी सकाळी दहाला मी पेज घेऊन बसले. काही विचारलंही नव्हतं. त्यांनी माझं मनगट धरलं, चिमटा नाही, नुसतं धरलं, आणि डोळे एकदा मिटले. बराच वेळ मिटलेलेच ठेवले.

"चुकलं?"

पुन्हा एकदा.

बारा वर्षं ज्याची वाट पाहिली ते मिळालं, आणि मला वाटलं तेवढं काही झालं नाही. गिऱ्हाइकाने शेवटी मान डोलावल्यावर होतं तेवढंच झालं. मी पेज तशीच ठेवली, कुलूप लावलं, स्कूटर काढली. मशीन रस्त्याच्या टोकाकडून येईल, आमच्यापर्यंत यायला दुपार होईल, असा माझा अंदाज होता.

मशीन मैदानाच्या टोकाकडून लागली होती. सात क्वार्टरं झाली होती. आठव्याचं छप्पर खाली येत होतं. मुकादमाने मला ओळखलं.

"अरे मॅडम, गुरुवार को बोला था ना!"

मी त्याच्यावर ओरडले. मोठ्याने, घाणेरडं. तो बिचारा बाजूला झाला. धूळ बसल्यावर मी ढिगाऱ्यांसमोर उभी राहिले, पण आमचा कोणता हे मला सांगता आलं नसतं. फोटो काढला नाही.

परत आले तेव्हा बाबांनी मान दाराकडेच ठेवली होती. कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खोटं बोलता आलं असतं. अजून उभ्या असलेल्या एखाद्या क्वार्टरमध्ये शिरून, खिडकी डावीकडे घेऊन, दाखवता आलं असतं. तेवढी माया मला आली नाही.

"पडलं," मी म्हणाले. "माझ्या पोचायच्या आधी."

त्यांनी डोळे दोनदा मिटले.

"नाही काय नाही? पाहून आलो मी. पडलं."

पुन्हा दोनदा, सावकाश, एकेक. मला कळेना. मग ते माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होते ती ओळखली. माल आला नाही की गिऱ्हाईक असंच पाहतं.

"तुमचा हो परत घेता?" मी विचारलं. "तुमचं चुकलं नव्हतं?"

एकदा. नव्हतं.

मी उठले. पेजेवर साय धरली होती. वाटी मी उचललीही नाही. पाठीला पावडर नाही, उशी नाही, कूस नाही. कॅमेरा गळ्यातच होता. कुलूप लावलं आणि भर दुपारी, माझी वेळ नसताना, निघाले. आतून आवाज आला का ते माहीत नाही. ऐकायला थांबले नाही.

पॉवर हाउस स्टेशनच्या पुलापर्यंत गेले. वरून खालचे रूळ, मालगाडीत भरलेली तापलेली पोलादी प्लेट, तिच्यावर थरथरणारी हवा. एक हमाल शर्ट काढून सावलीच्या एवढ्याशा पट्टीत उभा होता, पाठ भिंतीला घट्ट चिकटवून. मी त्याचे कितीतरी वेळ फोटो काढत राहिले. भूक लागली नाही, घड्याळ पाहिलं नाही. घरी पोचले तेव्हा पाच वाजून गेले होते.

त्या दिवशीचे फोटो माझे आजवरचे सगळ्यात चांगले आहेत.